वडोदऱ्याच्या डासांची नोंदवही हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतींचे विसर्जन होऊन नवरात्र तोंडावर आले की वडोदऱ्यात दरवर्षी घरोघरी ताप सुरू होतो आणि संध्याकाळी गल्लीबोळांतून धुराची गाडी फिरू लागते. गेल्या पंधरवड्यात आपल्या वृत्तपत्रात या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली. धूर अधिक वेळा सोडावा, अशी बहुतेकांची मागणी आहे. पुदुच्चेरीत तयार झालेले ‘डेंगी न पसरवणारे डास’ आपल्या शहरात ताबडतोब आणून सोडावेत, असेही एका वाचकाने सुचवले आहे. या मागण्यांमागची काळजी मला पुरेपूर समजते, कारण ती माझ्याही घरात मुक्काम करून गेली आहे. परंतु तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवल्यानंतर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धूर मागणारे काय किंवा नवे डास मागणारे काय, दोघेही डास म्हणजे एकच एक प्राणी असे धरून चालतात. आपल्या शहरात रोगाशी संबंध असलेले डास निदान तीन प्रजातींचे आहेत, प्रत्येक प्रजातीच्या पोटात जाती आणि उपप्रकार आहेत, एकाच जातीतल्या दोन वस्त्यांच्या डासांतही जनुकांचा फरक असतो, आणि कोणता उपाय लागू पडेल व कोणता वाया जाईल हे पुष्कळ अंशी या फरकांवर ठरते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला डेंगी झाला. सहा दिवस ताप, रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली चहा उतरत नसे. ती बरी होऊन घरी आल्यावर मी सगळे घर धुंडाळले. गच्चीवरची टाकी झाकलेली होती, मोरीतले पिंप दर दोन दिवसांनी घासले जात होते, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या होत्या. अळ्या सापडल्या फ्रिजच्या मागच्या तबकात, जिथे वितळलेल्या बर्फाचे बोटभर पाणी साचते आणि जिकडे वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईलाच हात जातो. ड्रॉपरने त्या पांढऱ्या बशीत घेतल्या आणि भिंगाखाली धरल्या. शेपटीकडच्या आखूड, जाडसर श्वासनळीने पाण्याच्या पृष्ठभागाला टांगून घेऊन त्या उलट्या लोंबत होत्या, आणि बॅटरीचा उजेड पडताच नागमोडी वळसे घेत तळाशी जात होत्या. हा एडिस इजिप्ती, डेंगी आणि चिकुनगुनियाचा वाहक. गटारात वाढणाऱ्या क्युलेक्सची अळी अशीच उलटी लोंबते, पण तिची नळी लांब आणि बारीक असते. हिवतापाच्या अॅनॉफिलीसला नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. एवढे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, एक भिंग आणि एक बशी पुरते.

त्याच संध्याकाळी धुराची गाडी रस्त्याने गेली. खिडक्या सर्वांनी लावून घेतल्या, धूर बाहेरच राहिला आणि अर्ध्या तासात विरून गेला. एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि बाकीचा वेळ पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांत बसून राहतो. रस्त्यावरच्या धुराचा त्याच्याशी संबंधच आला नाही. त्याची अंडी तर भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही, कडा काथ्याने घासाव्या लागतात.

एवढे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. ज्याची चर्चा होत नाही तो भाग याच्या पुढचा आहे.

शहरातल्या हिवतापाचा मुख्य वाहक अॅनॉफिलीस स्टीफेन्सी. जुन्या वाड्यांतल्या विहिरी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावरचे हौद ही त्याची आवडती ठिकाणे. या डासाची मादी अंडी एकेक सुटी घालते. अंडे सुमारे अर्धा मिलिमीटर लांब, होडीच्या आकाराचे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेले तरंगक असतात. त्या तरंगकांवर आडव्या कडा असतात आणि त्या मोजता येतात. हे प्रात्यक्षिक मी वर्षानुवर्षे घेत असे. ओल्या टिपकागदावर अंडी पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अंडे कुशीवर आणायचे आणि कडा मोजून वहीत लिहायच्या. मुले डोळे चोळत विचारत, ‘मॅडम, सोळा की सतरा?’ आणि मी म्हणे, पुन्हा मोजा. कारण या आकड्यातच सगळे होते. १४ ते २२ कडा असल्या तर तो ‘टाइप’ प्रकार, शहरात राहणारा आणि हिवताप पसरवण्यात पटाईत. ९ ते १५ असल्या तर ‘मायसोरेन्सिस’, खेड्यात आणि गुरांच्या आसपास राहणारा, रोग पसरवण्याच्या दृष्टीने दुबळा. १२ ते १७ कडांचा मधला प्रकार. आकडे एकमेकांत शिरतात, म्हणून एका अंड्यावर निकाल देता येत नाही, एकाच मादीची पुष्कळ अंडी मोजून बघावी लागतात. स्वीट आणि राव यांनी १९३७ साली कडांच्या संख्येवरून हे भेद प्रथम दाखवले आणि ऐंशीच्या दशकात डॉ. सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा तपासून पक्के केले. डोळ्यांनी पाहता तिन्ही डास सारखेच दिसतात. उडताना, भिंतीवर बसताना, चावताना त्यांत काडीचाही फरक जाणवत नाही.

खेड्यांतल्या हिवतापाचा मोठा वाटा ज्याच्या माथी आहे त्या अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीसची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. पूर्वी ही एकच जात समजत. १९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी गुणसूत्रांवरच्या पट्ट्या वाचून दाखवले की एका नावाखाली दोन वेगळ्या जाती नांदत आहेत, आणि पुढे भारतीय संशोधकांच्या कामातून ही संख्या अ, ब, क, ड, इ अशी पाचावर गेली. यांना आपण भावंड-जाती म्हणू. रूप अगदी एक, पण आपसांत संकर होत नाही. अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या बीजकोशातील पेशींत गुणसूत्रे जाड दोरांसारखी दिसतात, त्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि कुठला तुकडा उलटा बसला आहे हे पाहून जात ओळखावी लागते. यांतली ‘ब’ जवळजवळ पूर्णपणे गुरांच्या रक्तावर जगते आणि बहुतेक ठिकाणी हिवताप पसरवत नाही. ‘अ’ मात्र पसरवते. म्हणजे गोठ्याच्या भिंतीवरून पकडलेला डास ‘क्युलिसिफेसीस’ आहे एवढ्यावर गावोगाव फवारणीचा हुकूम काढला, तर ज्या गावात फक्त ‘ब’ आहे तिथले औषध, मजुरी आणि दिवस पाण्यात जातात. शिवाय निरुपद्रवी डासावर औषध मारून आपण त्या औषधाला दाद न देणारी पिढी तयार करतो ती वेगळीच.

ही दाद न देण्याची गोष्ट आपल्या देशाने फार महागात शिकली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. १९५३ मध्ये डीडीटीवर आधारलेली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, १९५८ मध्ये निर्मूलनाचे ध्येय ठरले आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. त्या वेळी आपण जिंकलो असे वाटले होते. १९७६ मध्ये तीच संख्या चौसष्ट लाखांवर गेली. मोहिमेतली ढिलाई, औषधांचा तुटवडा, पैशाची ओढ ही कारणे होतीच, पण डासांनी डीडीटी पचवायला शिकणे हेही मोठे कारण होते. ‘शिकणे’ हा शब्द मी सोयीसाठी वापरते. डास काही शिकत नाही. हजारो डासांत दोनचार असे असतातच, ज्यांच्या एखाद्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. पायरेथ्रॉइड गटातली फवाऱ्यांची औषधे आणि डीडीटी ही डासाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या दारात पाचर मारल्यासारखी बसतात आणि दार उघडेच ठेवतात, त्यामुळे डास तडफडून मरतो. जनुकातल्या त्या एका अक्षराने दाराची घडण किंचित बदलते आणि पाचर बसत नाही. फवारणीनंतर बाकीचे मरतात, हे दोनचार उरतात, आणि पुढच्या पावसाळ्यात गल्लीत त्यांचीच लेकरे असतात. एडिस इजिप्तीत असे बदल जगभर सापडले आहेत, दिल्लीतल्या डासांतही सापडले आहेत. आपल्या गल्लीतल्या डासांत ते आहेत का, किती आहेत, हे नागरिकांपुढे कधी मांडले गेल्याचे निदान माझ्या वाचनात आलेले नाही. मग ‘धूर वाढवा’ या मागणीला आधार कोणता?

आता पुदुच्चेरीच्या डासांविषयी. त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्याची घाई होऊ नये असे वाटते. वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांना तो क्युलेक्स डासात सापडला. एडिस इजिप्तीत तो निसर्गतः नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया एडिसमध्ये घातला की त्या डासाच्या अंगात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही, असे आढळले. शिवाय वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांच्या मीलनातून झालेली अंडी फुटत नाहीत, आणि वोल्बाकिया असलेल्या मादीची सगळी पिल्ले तो घेऊनच जन्मतात. त्यामुळे पुरेसे डास सोडले की जिवाणू वस्तीभर आपला आपण पसरतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात याची शिस्तशीर चाचणी झाली. शहराचे चोवीस भाग पाडून निम्म्या भागांत डास सोडले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या भागांत डेंगी ७७ टक्क्यांनी आणि डेंगीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरी येथील केंद्राने २०२२ मध्ये दोन प्रकारचे वोल्बाकिया असलेले एडिस तयार केल्याचे जाहीर केले. हे तयार करताना बाहेरून आणलेल्या डासांचा स्थानिक डासांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करावा लागला, याकडे आपल्या वाचकाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

तो संकर का करावा लागतो, हे ब्राझीलच्या रिओ शहराने दाखवून दिले आहे. तिथे पहिल्यांदा वोल्बाकियाचे डास सोडले तेव्हा जिवाणू आधी पसरला आणि सोडणे थांबताच नाहीसा झाला. कारण शोधता असे दिसले की तिथले स्थानिक एडिस पायरेथ्रॉइडला दाद देत नव्हते, आणि सोडलेले डास प्रयोगशाळेत वाढलेले, औषधाने सहज मरणारे होते. लोक घरोघरी फवारे मारतच होते. परके डास मेले, स्थानिक उरले. पुढे स्थानिक डासांची जनुकीय पार्श्वभूमी असलेले, म्हणजे औषधाला तोंड देऊ शकणारे, वोल्बाकियाचे डास तयार करून सोडले तेव्हा कुठे ते टिकले. एवढा मोठा प्रकल्प एखाददुसऱ्या अक्षराच्या फरकाने अडला, आणि तो फरक आधी तपासून घेण्यासारखा होता.

वडोदऱ्यापुरती दुसरी एक अडचण उघड आहे. फळमाशीतून घेतलेला वोल्बाकियाचा प्रकार उष्णता सहन करत नाही. अळ्या वाढत असताना पाणी दिवसा सदतीस अंशांपर्यंत तापत राहिले तर डासातला जिवाणू झपाट्याने कमी होतो, असे ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसले आहे. आशियाई वाघ-डासातून घेतलेला दुसरा प्रकार उष्णता अधिक सोसतो, म्हणून मलेशियातल्या क्वालालंपूरमध्ये तोच वापरला गेला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाला हात लावून पाहावा, म्हणजे हा प्रश्न आपल्याला किती लागू आहे हे कळते. फ्रिजमागच्या तबकातले पाणी तर मोटारीच्या उष्णतेने बाराही महिने कोमट असते. योग्यकर्ता येथे जमले ते इथे जसेच्या तसे जमेल, असे म्हणणे या शहराच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्या माणसाला शोभत नाही.

डास सोडण्याचा विषय निघाला की आपल्या देशातली एक जुनी आठवण सांगायला हवी, कारण तरुण वाचकांना ती ठाऊक असण्याची शक्यता कमी. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे एक केंद्र चालवले होते, अमेरिकेने रुपयांत दिलेल्या निधीतून. दिल्लीजवळच्या खेड्यांत वंध्य केलेले क्युलेक्सचे नर सोडले गेले. तिथे मोठी अडचण अशी आली की शेजारच्या शिवारातून आधीच फळलेल्या माद्या उडून येत आणि सगळा हिशेब बिघडवत. त्यानंतर हरयाणातल्या सोनीपत शहरात एडिस सोडण्याची तयारी झाली. पण तोवर वृत्तपत्रांतून शंका निघू लागल्या होत्या. हा जैविक युद्धाचा सराव तर नव्हे, या माहितीचा उपयोग कोण करणार, असे प्रश्न संसदेपर्यंत गेले, लोकलेखा समितीने कडक अहवाल दिला आणि १९७५ मध्ये केंद्र बंद झाले. त्या शंकांपैकी किती साधार होत्या यावर आजही दुमत आहे. मला त्यातून एवढेच दिसते की गावकऱ्यांना आणि वृत्तपत्रांना आधीपासून सगळे उघड करून सांगितले असते तर एका चांगल्या शास्त्राचे या देशात इतके नुकसान झाले नसते. त्याच्या थोडे आधी, १९६७ मध्ये, हानेस लावेन या जर्मन संशोधकांनी ब्रह्मदेशातल्या ओक्पो या खेड्यातून जुळत नसलेल्या, म्हणजे ज्यांच्याशी मीलन होऊनही तिथल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत अशा नरांच्या साहाय्याने क्युलेक्स डास जवळजवळ संपवून दाखवला होता. मार्ग खरा होता. विश्वास कमी पडला.

जनुकांत कायमचा बदल करून तो वस्तीभर ढकलणाऱ्या नव्या तंत्राविषयीही अलीकडे पुष्कळ छापून येते. २०१८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या अॅनॉफिलीस गॅम्बीच्या मादीपणाशी निगडित एका जनुकात असा बदल घालून, पिंजऱ्यातल्या डासांची वस्ती सात ते अकरा पिढ्यांत पूर्ण संपवली. काम विलक्षण आहे. परंतु पिंजऱ्यातले डास एकमेकांचे सख्खे असतात, रानातले नसतात. त्या जातीच्या आणि तिच्या अगदी जवळच्या एका जातीच्या मिळून ७६५ रानडासांचा जनुकसंच आफ्रिकेतल्या आठ देशांतून गोळा करून वाचला गेला, तेव्हा २०१७ मध्ये असे जाहीर झाले की त्यांत सव्वापाच कोटींच्या आसपास ठिकाणी एकेका अक्षराचे भेद आहेत. जनुक कापणारी कात्री ज्या शब्दावर चालवायची तो शब्दच काही डासांत वेगळ्या अक्षरांनी लिहिलेला असेल, तर ते डास कात्रीतून सुटतात आणि पुढे वाढतात, अगदी डीडीटीतून सुटलेल्यांसारखे. उपाय रासायनिक असो वा जैविक, डासांतले वैविध्य त्याला प्रथम भेटते.

ही गोष्ट जिवाणूंच्या औषधालाही लागू आहे, आणि त्याचा धडा भारतातलाच आहे. गटारातल्या क्युलेक्सवर वापरला जाणारा स्फेरिकस नावाचा जिवाणू एकाच जोडविषाने काम करतो. ते विष अळीच्या आतड्यात एका ठरावीक जागी चिकटते. नव्वदच्या दशकात कोचीमध्ये तो सलग वापरला गेला आणि तिथल्या क्युलेक्सने त्याला दाद देणे बंद केले, कारण ती एक जागा बदललेल्या अळ्या उरल्या. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात १९७६ मध्ये सापडलेला दुसरा जिवाणू, ज्याला सगळे बीटीआय म्हणतात, तो चार वेगवेगळी विषे एकत्र देतो. चारही ठिकाणी एकदम बदल झालेली अळी मिळणे फार दुर्मिळ, म्हणून तो इतकी वर्षे वापरूनही टिकून आहे.

आणि मासे. याबाबतीत आपल्याला दूर जायला नको. वडोदऱ्याहून तासाभराच्या वाटेवर, खेडा जिल्ह्यातल्या नडियाद तालुक्यात, १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली मलेरिया संशोधन केंद्राने कीटकनाशकाशिवाय हिवताप आटोक्यात आणण्याचा प्रयोग केला. खड्डे बुजवणे, गटारांना उतार देणे, टाक्यांना घट्ट झाकणे, गावतळ्यांत गप्पी मासे सोडणे, आणि त्याच तळ्यांत खाण्याचे मासे वाढवून गावाला चार पैसे मिळवून देणे. कुठलेच काम नवलाचे नव्हते, पण प्रत्येक गावात अळ्या कुठे आहेत हे माणसे दर आठवड्याला हिंडून पाहत आणि लिहून ठेवत. माझ्या मते त्या प्रयोगाचा प्राण त्या लिहून ठेवण्यात होता. माशाच्या तोंडातून सुटणारा डास जनुकांच्या बदलाने तयार होतो, असे मला तरी ठाऊक नाही. मासे मात्र कुठले सोडायचे हे पाहायला हवे. अमेरिकेतून १९२८ च्या सुमारास आलेला गॅम्बुसिया स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खातो, त्यामुळे तो विश्वामित्री नदीत किंवा तिला मिळणाऱ्या ओढ्यांत जाईल अशा जागी सोडू नये. बंद हौदात गप्पी पुरे.

संपादक महोदय, एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण एका मागणीपाशी येते. वडोदरा शहराने आपल्या डासांची एक नोंदवही ठेवावी आणि ती दर महिन्याला नागरिकांसाठी खुली करावी. कोणत्या विभागात कोणत्या प्रजातीच्या अळ्या मिळाल्या, स्टीफेन्सीचा कोणता प्रकार, आणि सध्या जे औषध वापरले जाते त्याच्या ठरावीक मात्रेत पकडलेल्या डासांपैकी चोवीस तासांत किती मेले, एवढे तीन रकाने सुरुवातीला पुरेत. शेवटच्या रकान्यासाठी लागणारी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली आहे. औषध लावलेला कागद असलेल्या नळीत तासभर डास ठेवायचे, मग स्वच्छ नळीत हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोजायचे. नव्वद टक्क्यांहून कमी मेले तर ते डास औषधाला दाद देत नाहीत असे धरतात. हे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुले नीट शिकवल्यास करू शकतात, आणि या शहरात प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. नोंदवही दोन वर्षे चालली तर वोल्बाकियाचे डास इथे आणावेत की नाही, आणावेत तर कोणत्या प्रकारचे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीत, याचे उत्तर देण्यासारखे काहीतरी आपल्या हाती असेल. आज ते नाही.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी आजवा तलावाचे पाणी नळाने घरोघरी आणले आणि १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढून आपल्या भाषांतून शास्त्र शिकवण्याचा आग्रह धरला, त्या शहराला ही अपेक्षा जड वाटू नये. नोंदवही गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत निघावी, म्हणजे वाडी आणि फतेपुरा या भागांतल्या आज्याही ती वाचतील. पिंप घासणारा हात बहुतेक घरांत त्यांचा किंवा त्यांच्या सुनेचा असतो.

माझा जुना सूक्ष्मदर्शक अजून चालू स्थितीत आहे. ज्या शाळेला किंवा महिला मंडळाला अळ्या ओळखायला आणि अंड्यांवरच्या कडा मोजायला शिकायचे असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरी असते. येताना आपापल्या घरातल्या फ्रिजमागच्या तबकातले पाणी काचेच्या बाटलीत भरून, तोंडाला फडके बांधून आणावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका
दांडिया बाजार, वडोदरा